चुनखडीच्या मुलखात अनंत फुलवणारे प्रल्हाद सर

"हे झाड तुमच्याकडे जगणार नाही." प्रल्हाद सरांच्या या एका वाक्याने माझं सगळं बदललं.

बुलढाण्याचं कॉलेज मी दुसऱ्या वर्षी भांडून सोडलं होतं. वर्गातल्या शीतलला अनंताचं फूल आवडतं, एवढंच डोक्यात होतं. रोप घरी वाढवायचं आणि फुललं की तिला द्यायचं, या बेताने मी बीबी गावात सरांच्या रोपवाटिकेत गेलो.

"पाणी कशाचं?" सरांनी विचारलं.

"बोअरचं."

"बादलीला पांढरा थर बसतो?"

"बसते."

"मग नाही देत."

"मंग दुकान काऊन टाकलं?" मी तडकलो.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "शिकायचं असेल तर उद्या या." मला अहो-जाहो करणारे ते पहिले शिक्षक. दुसऱ्या दिवशी गेलो, तो अजून तिथेच आहे.

सरांनी शाळेत शेती शिकवली आणि निवृत्तीनंतर अनंताला वाहून घेतलं. हे झुडूप बारमाही हिरवं. पानं तेल लावल्यासारखी चकचकीत. फूल पांढरं उमलतं, पुढे सायीसारखं पिवळसर होतं, पण वास जात नाही. त्याला आंबट, म्हणजे आम्लधर्मी माती लागते आणि आपल्याकडे तर काळ्या मातीखाली चुनखडी. चुना लागला की कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून सर अनंत कुंडीत लावतात. लाल माती, कुजलेला पाला, शेणखत, आणि पान पिवळं दिसलंच तर चिमूटभर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. पाणी पावसाचं, टाकीत साठवलेलं. सकाळचं ऊन द्यायचं, दुपारचं टाळायचं. छाटणी बहर संपल्यावर लगेच. उशीर केला तर पुढच्या कळ्याच कापल्या जातात. फांदीचे तुकडे लावायचे ते पावसाळ्यात, ना कोवळे ना जून.

सरांचा खरा स्वभाव मात्र गिऱ्हाईक आल्यावर कळतो. एकदा एक बाई कळ्यांनी लगडलेली कुंडी न्यायला आल्या. सर म्हणाले, "आत्ता हलवली तर कळ्या गळतील. बहर झाल्यावर न्या." बाई रिकाम्या हाताने गेल्या. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, ओट्यावरून ओरडल्या, "अहो, गिऱ्हाईक बोलावता का हाकलता?" सर म्हणाले, "येतील परत." बहर सरल्यावर बाई खरंच आल्या, आणि बहिणीलाही घेऊन आल्या.

अशा माणसाला शीतलशी माझ्या लग्नाची बोलणी करायला नेऊ नये, हे कुणालाही कळेल. माझ्या वडिलांना कळलं नाही. ते म्हणाले, "तू त्यायचंच आयकतं, त्यायलेच घेऊन जाय." सर एका शब्दावर तयार झाले. अंगात इस्त्रीचा सदरा घालून माझ्यासोबत शीतलच्या घरी, रोहिणखेडला आले. शीतलचे वडील भाजीपाला पिकवतात. त्यांनी पाणी दिलं आणि थेट विचारलं, "सर, पोट्टा कसा आहे?"

"तापट आहे," सर म्हणाले. "कॉलेज अर्ध्यावर सोडलंय. माझ्या गिऱ्हाइकांशीही भांडतो."

माझे कान तापले. शीतलशी लग्न ठरवायला आलो होतो, आणि माझाच माणूस ते मोडत होता.

"अन् गुण?"

"पाणी घालताना घाई करत नाही. काम चुकलं तर सांगावं लागत नाही, स्वतःच पुन्हा करतो."

"त्याचा शब्द देता?"

सर म्हणाले, "शब्द मी रोपाचाही देत नाही. पण परगावी जातो तेव्हा सगळी रोपं याच्यावर टाकून जातो."

शीतलचे वडील हसायलाच लागले. "आतापावतर आलेले समदे पोट्टे सोन्याचेच होते, सर. पोट्ट्याची खोट सांगणारे तुमी पयले."

आतून शीतलचा आवाज आला, "बाबा, कॉलेजातलं भांडण झालं तवा मी वर्गातच होतो. मले समदं माहीत आहे. तरी बी माहं हो आहे."

मग तिचे वडील मला म्हणाले, "तू जरा बाहेर बस बापा. आमाले लग्नाच्या तारखेचं बोलू दे."

सरांची साठी यंदा पूर्ण होत आहे. त्यांना निरोगी शंभर वर्षं लाभावीत, पाठ ताठ राहावी आणि जीभ अशीच राहावी, हे मी मनापासून मागितलं ते त्या खोलीत. एव्हाना सर त्यांच्याकडच्या चुनखडीच्या पाण्याबद्दल काही विचारू लागले होते. मी उठलो, बाहेर आलो आणि आवाज होणार नाही असं दार लावून घेतलं.