नांदेडची फाईल

गेली अकरा वर्षं मी दर तीन महिन्यांनी लातूरहून नांदेडला दातांच्या डॉक्टरकडे जाते. निदान आमच्या गल्लीला तरी तसंच ठाऊक आहे. चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचेपर्यंत निम्मा दिवस जातो, आणि एवढं करून मी परत येते ती त्याच दातांनी. शेजारच्या वहिनींनी एकदा विचारलंच, "लातुरात दातांचे डॉक्टर न्हाईत का हो बाई? चौकाचौकात हायत की." मी म्हटलं, "त्यांचा हात लई हलका हाय." त्यांच्या मते आतापर्यंत माझ्या तोंडात एकही खरा दात उरलेला नसणार. तरी मी शेंगदाणे फोडून खाते, आणि त्या बिचाऱ्या बघत राहतात.

नांदेडचे डॉक्टर दातांचे नाहीत, मनाचे आहेत. लातुरातही मनाचे डॉक्टर आहेत, पण लातुरात माझ्या नवऱ्याचं भांड्यांचं दुकान आहे आणि मी रेणापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. निम्मं गाव त्याचं गिऱ्हाईक आणि उरलेल्या निम्म्याची पोरं माझ्या हाताखालून गेलेली. दवाखान्याच्या बाकावर मी बसलेली दिसले असते तर दुपारपर्यंत ते बाजारात कळलं असतं. नांदेडला माझी बहीण राहते, त्यामुळे जायला निमित्तही होतं.

पहिल्यांदा आजारी पडले तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. आधी तीन आठवडे झोपच नको वाटायची. शाळेच्या भिंतींवर पहिलीपासून सातवीपर्यंतचं सगळं व्याकरण मी स्वतः रंगवणार होते आणि त्यासाठी रंगाचे डबेही आणून ठेवले होते. मग एक दिवस उठताच येईना. चार महिने वेणी घालायचंही त्राण नव्हतं. हा आजार मनाचा म्हणतात, पण मला तो हातापायांत जाणवायचा. अंग जड, तोंडाला चव नाही, पोट आठवडा आठवडा साफ होत नाही. मन कुठं संपतं आणि शरीर कुठं सुरू होतं हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. डॉक्टरांना ते कळतं असं डॉक्टर दाखवतात.

नांदेडच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव बायपोलर सांगितलं आणि लिथियमची गोळी सुरू केली. त्या गोळीनं मी माणसांत आले, ही गोष्ट मी कधी नाकारली नाही. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं की ही गोळी आणि अंगातलं मीठ-पाणी यांचं एकमेकांशी नातं आहे. मीठ एकाएकी तोडायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, रक्त तपासत राहायचं आणि दुसऱ्या कुणी नवीन गोळी दिली तर आधी त्यांना फोन करायचा. फाईलच्या पहिल्या पानावर ते लिहूनही दिलं होतं. ती फाईल मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवत असे.

लपवाछपवी सुरुवातीला फक्त गल्लीपुरती होती. डॉक्टरांपासून मी काही लपवत नव्हते. गोळ्या सुरू होऊन तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा जेवलं की माझ्या उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली. नवऱ्याला घेऊन लातूरच्या एका डॉक्टरकडे गेले. त्यांनी दुसरी औषधं विचारली, मी शहाण्यासारखं खरं ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. तोवर ते माझ्याशी बोलत होते, तिथून पुढं माझ्या नवऱ्याशी बोलायला लागले. "घरात काही टेन्शन? त्यांचं जरा मन रमवा." माझ्या पोटाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

मी चार महिने मन रमवलं. रांगोळ्या काढल्या, भजनाला गेले, आणि कळ आली की पोटाशी उशी धरून बसले. शेवटी नांदेडच्या डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या कळ आली तेव्हा त्यांनी टेबलामागून उठून पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "हे माझं काम नाही, सोनोग्राफी करा." पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन नांदेडलाच झालं. ज्यांनी मन बघायचं त्यांनी पोट बघितलं आणि ज्यांनी पोट बघायचं त्यांनी मनावर ढकललं. मला त्या लातूरच्या डॉक्टरचा जेवढा राग आला तेवढा उभ्या जन्मात कुणाचा आला नसेल.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी ठरवलं, आता लातुरात कुठल्याही डॉक्टरला ही गोळी कळता कामा नये. नवऱ्याला गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून शपथ घ्यायला लावली. तो म्हणाला, "अगं, डॉक्टरपासून कोण लपवतं का?" मी म्हटलं, "मी लपवते." माझ्यापुढं त्याचं चालत नाही, हे दुकानातल्या पितळी घागरींनाही माहीत आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी शाळेत आरोग्य तपासणीचं शिबिर झालं आणि माझं बीपी वाढलेलं निघालं. लातुरात नव्यानंच दवाखाना टाकलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो. पस्तिशीच्या असतील, बोलायला मोकळ्या. त्यांनी विचारलं, "काकू, दुसरी काही औषधं चालू आहेत का?" नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "नाही." त्यांनी एक गोळी लिहून दिली, तिनं लघवी जास्त होईल असंही सांगितलं, आणि मीठ कमी करायला सांगितलं.

आता मी जातीची शिक्षिका. कमी करा म्हटल्यावर मी बंदच केलं. वरण अळणी, भाजी अळणी, लोणच्याची बरणी माळ्यावर. ताकात मीठ नाही, पापड नाही. वर ऊन असं की शाळेतून घरी येईपर्यंत ब्लाउज पाठीला चिकटलेलं असायचं. नांदेडच्या डॉक्टरांना फोन करायचा राहून गेला, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. तो राहून गेला नव्हता. मी केला नाही, कारण फोन केला असता तर त्यांनी इकडच्या बाईंशी बोलायचा आग्रह धरला असता.

तीन आठवड्यांत माझा हात थरथरायला लागला. आधी खडूची रेघ वाकडी आली, मग चहा बशीत सांडायला लागला. सारखं मळमळायचं. जिना उतरताना पाय भलतीकडे पडायचा. वर्गात वाचताना शब्द जिभेवर जड व्हायचा आणि पोरं एकमेकांकडे बघायची. हे कशामुळे असेल, याचा मी क्षणभरही विचार केला नाही, कारण मला उत्तर ठाऊकच होतं. आजार परत आला होता. गोळी हरली होती आणि मी पुन्हा तशी होणार होते. त्या भीतीनं मला घाम फुटायचा आणि छाती धडधडायची, आणि त्या धडधडीनं माझी आणखीच खात्री पटायची.

नवरा म्हणाला, "हात लई थरथरायलाय की. त्या मॅडमला दाखवू चल." मी म्हटलं, "हे डोक्याचं हाय. बीपीच्या बाईला काय कळणार? नांदेडची तारीख येईल तवा बघू." दुपारी उलटी झाली तरी मी म्हटलं टेन्शन. गोळी मात्र एकदाही चुकवली नाही, उलट घड्याळ लावून घेत होते. ज्या शब्दासाठी मी एका डॉक्टरला आठ वर्षं शिव्या घातल्या तोच शब्द मी स्वतःला चार वेळा ऐकवला, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग एका दुपारी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता मी पडले. पुढचं मला तुटक आठवतं. रिक्षा, नवऱ्याच्या मांडीवर डोकं, त्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, डोळ्यांत मारलेली बॅटरी. मी काही बोलत होते, पण ते माझं मलाच समजत नव्हतं. नर्सनं दबक्या आवाजात विचारलं, "पितात का?" नवऱ्याचा चेहरा असा झाला की वेळ वेगळी असती तर मी हसले असते.

डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, "काका, नीट आठवून सांगा. दुसरी कुठली गोळी? कुठलीही." त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नको, अशी. आजही ते मला लख्ख आठवतं, कारण जीव जायची वेळ आली होती आणि मला भीती मरणाची वाटत नव्हती. भीती एवढीच की आता हे ऐकल्यावर या बाई पेन खाली ठेवतील, मला वेडी म्हणून बाजूला काढतील आणि मी तशीच, कुणी न ऐकता, जाईन.

नवऱ्यानं सदऱ्यावरून गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. मग म्हणाला, "महादेवाचं माझं मी बघून घेतो. मॅडम, अकरा वर्षांपासून हिला लिथियमची गोळी हाय. नांदेडचा डॉक्टर हाय. फाईल कपाटात साड्यांखाली हाय, आमची पोरगी घरी हाय, तिला आणायला सांगतो." एका दमात सगळं सांगून तो भिंतीला टेकला. मी त्याच्याकडे पाठ केली. इतका राग आला होता की पुढं दोन दिवस, बोलता यायला लागल्यावरही, मी त्याच्याशी बोलले नाही.

त्या गोळीचं विष अंगात साठलं होतं. मीठ तोडलं, घामानं पाणी गेलं, वर बीपीच्या गोळीनं आणखी गेलं, आणि लिथियम बाहेर पडायचं ते रक्तातच तुंबत राहिलं. हात, जीभ, पाय, उलट्या, सगळं त्याचंच होतं. मनाचा आजार परत आलाच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट यायची वाट न बघता दोन्ही गोळ्या थांबवल्या, सलाईन लावली आणि नांदेडला फोन केला. पहिल्या दिवशी माझं काही खरं नव्हतं, असं नांदेडहून धावून आलेली बहीण नंतर म्हणाली. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच्या हातानं पाण्याचा पेला धरला. थोडा हिंदकळला, पण सांडला नाही.

त्या दुपारी डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, "काकू, मी विचारलं होतं तुम्हाला. का नाही सांगितलं?" आवाजात राग होता आणि तो रास्त होता. मी त्यांना पित्ताशयाची सगळी हकिकत सांगितली, पेन खाली ठेवण्यासकट. त्या ऐकत राहिल्या. मग मी विचारलं, "मी सांगितलं असतं, आणि नंतर हात थरथरतो म्हणून आले असते, तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

त्या म्हणाल्या, "गोळीचं नाव कळलं असतं तर मी बीपीची ही गोळी दिलीच नसती. पण हात थरथरण्याचं म्हणाल तर... खोटं कशाला बोलू? गर्दीच्या दिवशी मीही कदाचित तेच म्हटलं असतं."

"मी स्वतःलाच म्हटलं, मॅडम," मी म्हणाले. "आणि मला तर काही गर्दी नव्हती."

घरी सोडायच्या दिवशी सकाळी माझी डावी पोटरी दुखत होती. सांगावं की नको, यावर मी चहा होईपर्यंत विचार केला. आता त्यांना सगळं माहीत होतं. बीपीच्या कागदावर वरच ठळक अक्षरांत बायपोलर लिहिलं होतं, मी वाचलं होतं. नवरा पिशवी भरत होता, त्याला आदल्या संध्याकाळी मी माफ केलं होतं, म्हणजे काही बोलले नव्हते, नुसती केळी सोलून दिली होती. डॉक्टरीणबाई आल्या, गोळ्या समजावल्या आणि निघाल्या. त्या दारात असताना मी म्हटलं, "मॅडम, पोटरी दुखायलीय." म्हटलं आणि लगेच पस्तावले.

त्या परत आल्या. "कधीपासून?" त्यांनी मला विचारलं. साडी थोडी वर घेऊन त्यांनी एक पोटरी दाबली, मग दुसरी, मग पाऊल धरून वर-खाली केलं. इथं का, की इथं, असं विचारत बोटं सरकवत राहिल्या. "सूज नाही, गरमही नाही. झोपून झोपून आखडली असेल. तरी मला चालून दाखवा." मी पलंगावरून उतरले, त्यांच्यासमोर दारापर्यंत गेले आणि परत आले. तेवढ्यात माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना.

"एवढं दुखतंय का?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं. "एवढं नाही दुखत."