डाव्या स्टिअरिंगची गाडी

पोलिसातल्या नोकरीतले कितीतरी गुन्हे आता तारखांसकट आठवणीतून पुसले गेले. पेणला असताना तपास केलेली एक गाडीची चोरी मात्र आजही काल घडल्यासारखी आठवते. नावं लिहीत नाही. ती माणसं अजून इथंच राहतात.

परदेशी निघालेल्या सहा नव्याकोऱ्या पिकअप घेऊन एक ट्रेलर बंदराकडे चालला होता. रामवाडीजवळ त्याचा धुरा तुटला. दुरुस्ती होईपर्यंत गाड्या उतरवून जवळच्या कुंपणाच्या जागेत लावल्या आणि आतल्या गावातला एक वयस्कर भातशेतकरी राखणीला ठेवला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी एक गाडी गेली. तक्रार येऊन आम्ही वडखळला नाकाबंदी लावेपर्यंत ती केव्हाच पुढे निघून गेली होती.

गुन्हा नोंदवून मी पंचनाम्याला गेलो. कंपनीचा माणूस आला होता. त्यानं समजावलं ते मला नवीन होतं. पिकअप एकच, पण देशागणिक तिचा अवतार वेगळा. आखाती देशांत जाते तिला डावं स्टिअरिंग, पेट्रोल इंजिन, मोठा रेडिएटर आणि वाळू अडवणारा फिल्टर. दक्षिण आफ्रिकेत जाते ती उजव्या स्टिअरिंगची, डिझेलवरची. थंडीच्या देशात हीटर मोठा. कुठं तर नावसुद्धा दुसरं. एका घरातल्या बहिणी निरनिराळ्या सासरी गेल्यासारखं ते मला वाटलं.

तिथं दोन गाड्या आफ्रिकेच्या होत्या, बाकीच्या आखाताच्या. आफ्रिकेची एक अगदी फाटकाशी उभी होती. चोरानं ती सोडून मागच्या रांगेतली, डाव्या स्टिअरिंगची गाडी काढली होती. ती काढायला तीन वेळा पुढे-मागे केल्याच्या खुणा मातीत होत्या. आपल्याकडे अशी गाडी विकता येत नाही, लपवताही येत नाही. मग हीच का?

राखणदाराला ठाण्यात आणलं. बराच वेळ तो एकच सांगत होता, "मी जागेवरच व्हतो साहेब." शेवटी मी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "काका, जेवायला कुठं जाता?"

त्यानं मान खाली घातली. "घरी. अर्धा तास. चाव्या राखणीच्या केबिनीत टांगलेल्या. खोटं नाय बोलायला पायजे व्हतं."

"कुणी गाड्या बघायला यायचं?"

"सगळेच. स्टिअरिंग उलटं कसं, म्हणून विचारायचे. एकानं नाय विचारलं. तो कुंपणाला धरून उभा व्हता. म्हणाला, ही माझी गाडी. मला वाटलं, खुळा हाय."

त्याला संध्याकाळी घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रोह्याहून माझ्या एका जुन्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, नदीकडच्या रस्त्यानं बिननंबरची पांढरी पिकअप गेली. बाई चालवत व्हती. पण हात तिचे मांडीवर व्हते."

मी खुर्चीतून उठलोच. बाई चालवत नव्हती. ती उजवीकडे बसली होती.

रोहा ठाण्याला कळवून, त्या रस्त्यानं विचारत विचारत आम्ही एका गावात पोहोचलो. गाडी अंगणात फणसाखाली होती. पन्नाशीचा माणूस ती फडक्यानं पुसत होता. त्यानं आम्हाला पाहिलं आणि चावी पुढे केली. त्याचा डावा हात उजव्यापेक्षा काळा पडलेला होता. इथल्या ड्रायव्हरचा उजवा हात उन्हानं रापतो.

"उद्या परत नेऊन लावणार व्हतो," तो म्हणाला.

"सगळे असंच सांगतात."

बायको दारात आली. तिनं नवऱ्याकडे बघितलं. "मित्राची हाय म्हणाला व्हतात ना?"

"नाय गो," तो म्हणाला. एवढंच.

ठाण्यात त्याचा जबाब घेतला. चौदा वर्षं तो आखातात अशाच गाडीवर ड्रायव्हर होता. जमीन मोजणाऱ्या लोकांना वाळवंटात न्यायचं, संध्याकाळी तंबूपाशी आणायचं. दिवसाचा चहा त्या गाडीत, लोकांचा नमाज होईपर्यंत थांबणं त्या गाडीत, घरचा फोनही त्याच गाडीतून. फोनवर तो बायकोला सांगायचा, उजवीकडची सीट तुझी. तिचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. मग तिथलं काम बंद पडलं आणि तो परत आला. लायसनच्या कामासाठी पेणला आरटीओत आला असताना कुंपणापलीकडे ती दिसली.

"इथं पण तीच गाडी मिळते की," मी म्हणालो.

"ती उजव्या स्टिअरिंगची, साहेब. तिच्यात मी भलत्याच जागी बसतो."

दुसऱ्या दिवशी बायको जबाबाला आली. मी विचारलं, "ताई, कुठं कुठं गेलात?"

"कुठं नाय. नदीच्या रस्त्यानं गेलो नि आलो. हे सांगत व्हते, इथं वाळू, इथं आमचा तंबू, इथून उंट यायचे. बाहेर भाताची शेतं व्हती. पण मी त्यांचंच ऐकत व्हते." मग ती म्हणाली, "चौदा वर्षं फोनवर ऐकलेलं, साहेब. एकदा शेजारी बसून ऐकलं."

लेखनिकानं मला विचारलं, हे लिहू का. मी म्हणालो, जसंच्या तसं लिही.

दोषारोपपत्रात मी काही लपवलं नाही. चोरी ती चोरीच. गाडीला ओरखडा नव्हता, पहिलाच गुन्हा होता, आणि त्यानं तो कबूल केला. न्यायालयानं त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. राखणदाराचं काम मात्र गेलं. मी दोनदा रदबदली केली, पण ते वाचवू शकलो नाही.

पोलिसाला वाटतं, माणूस हवं ते मिळवायला गुन्हा करतो. या माणसाला गेलेले दिवस हवे होते, आणि ते बायकोला दाखवायचे होते. माणसाच्या मनात काय राहून गेलंय ते विचारावं, उद्देश आपोआप सापडतो, हे मी तिथं शिकलो. पुढे कितीतरी तपासांत ते कामी आलं.

माझी पत्नी तेव्हा रोह्यालाच शिक्षिका होती आणि मी पेणच्या पोलीस लाइनीत एकटा राहत होतो. या तपासासाठी मी चार वेळा रोह्याला गेलो. आमचं घर तिथल्या ठाण्यापासून दहा मिनिटांवर होतं. मुद्देमाल सोबत आहे, पंच थांबलेत, साहेबांना अहवाल द्यायचाय, असं काहीतरी दर वेळी होतंच. ती फोनवर विचारायची, आज इकडे येणं झालं होतं का. मी म्हणायचो, निवृत्त झालो की आहेच की. मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी ती गेली. आता मी रोह्याच्याच घरात राहतो. वेळ भरपूर आहे.