आल्टोच्या रांगेतून सत्काराच्या खुर्चीत

अकोल्याचा माझा शाल पांघरलेला फोटो पाहून तुम्ही दोघांनीही लाल बदाम पाठवलेत. "आजी, किती छान!" असं लिहिलंत. छान काही नव्हतं. काय झालं ते नीट सांगते.

आमच्या अमरावतीच्या कॉलेजच्या चॅपलची क्वायर तुम्हाला ठाऊक आहे. तिथं इंग्रजी शिकवायला लागले तेव्हापासून मी तिच्यात गाते, निवृत्त झाल्यावरही सोडलं नाही. नाताळाच्या आधी एक कार्यक्रम अमरावतीला होतो, एक अचलपूरला, आणि शेवटचा अकोल्याला. मी आल्टोत. चाल उंच आवाजाच्या, सोप्रानोच्या मुली गातात, कौतुक त्यांचं होतं. आल्टो त्यांच्या खालून वेगळी ओळ गाते. ती कुणाच्या लक्षात येत नाही, पण नसली की गाणं पोकळ होतं. आमच्या मुली बहुतेक शेतकऱ्यांच्या, भाजी-फुलं विकणाऱ्यांच्या घरच्या, भजनात वाढलेल्या. भजनात सगळे एकच चाल गातात. त्यामुळे शेजारी चाल सुरू झाली की त्यांचा गळा आपोआप तिकडे वळतो. त्यांना जागेवर धरून ठेवायला एक मुरलेला गळा लागतो. तो माझा होता.

यंदा शेवटचं गाणं चार आवाजांतलं, वाद्यांशिवाय. त्यात मध्ये एकदा सगळे थांबतात आणि आल्टो एकटी सुरुवात करते. दिवाळीपासून क्वायरमास्तर चारही ओळी आमच्याकडून वेगवेगळ्या घोटून घेत होता. पुढच्या वर्षी माझ्यानं इतका वेळ उभं राहवेल की नाही, मला शंका होती. म्हणून हे एक गाणं मला रांगेत उभं राहून गायचं होतं. एवढंच.

बसमध्ये मूर्तिजापूरच्या पुढे क्वायरमास्तर माझ्या शेजारी येऊन बसला. माझाच विद्यार्थी.

"मॅडम, सरप्राइज! आज तुमचा सत्कार आहे."

"कर की. गाणं झाल्यावर कर."

"तसं नाही जमत. शेवटपर्यंत पाहुण्यांबरोबर बसावं लागतं."

"आणि आल्टो?"

"मुली आहेत ना! तुम्ही आता किती दगदग करणार? फक्त आशीर्वाद द्या."

आवाज गेला असेल तर तोंडावर सांगायचं होतं. त्याच्या निबंधांवरची लाल शाई मी त्याच्यापासून कधी लपवली नव्हती. पण आपल्याकडे माणसाला काढायचं असलं की हाकलत नाहीत, त्याचा सत्कार करतात. तिथं नाही म्हणणारा उद्धट ठरतो.

मग अकोल्याच्या सभागृहात दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पुष्पगुच्छ, मला ती फोटोतली शाल आणि पाहुण्यांशेजारची खुर्ची. प्रमुख पाहुणे आम्हाला "हे भजनी मंडळ" म्हणाले आणि बोलतच राहिले. निम्मी गाणी तिथंच कापली गेली. शेवटचं राहिलं, त्याला मुली उभ्या राहिल्या. आल्टोतली तिवसा गावची मुलगी रांग सोडून माझ्या खुर्चीपाशी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमी इकडं कावून बसून राहिल्या? आमाले कोन धरीन?"

मी उठले. निवेदिकेनं लगेच माइक उचलला. "मॅडम भावुक झाल्या आहेत! जोरदार टाळ्या!" पाहुण्यांनी माझा दंड धरला. "बसा बाई, बसा. तुमचं झालं आता."

मी बसले.

आल्टोची जागा आली. सगळे थांबले आणि कुणीच सुरू केलं नाही. सोप्रानोच्या एका मुलीनं घाबरून चाल उचलली, आणि आमच्या मुली तिच्या मागोमाग गेल्या. तीच चाल खालच्या पट्टीत, अगदी मन लावून, मोकळ्या गळ्यानं, शेवटपर्यंत. चारातली एक ओळ त्या गाण्यात नव्हतीच. मी ती खुर्चीत बसून ओठांतल्या ओठांत गात होते. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पाहुणे माझ्याकडे झुकले. "पोरी काय एका सुरात गायल्या हो!"

परतताना मास्तर खुशीत होता. "बघा मॅडम, उगाच काळजी करत होतात."

बडनेऱ्याच्या अलीकडे तिवशाची मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मॅडम, चुकलंच ना आमचं?"

"चुकलं," मी म्हटलं.

"सरायले सांगू?"

"सांग. पण त्याला ते तुझ्याआधीच कळलं आहे."