मंगळवारची माती

आमच्या कॉलेजातल्या विभागात हजारो वर्षं ब्रशनं घासून धुतली गेली, तीही साबणाची पावडर लावून. फेस मागच्या नालीतून वाहून गेला. हे मी शांतपणे लिहिते आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं येऊन पाहावं. पेनाचं टोक कागदातून आरपार टेबलात घुसतं आहे.

मुकुटबनच्या पुढे, जंगलाच्या कडेला एक दलदल होती. झऱ्याचं पाणी बारा महिने झिरपायचं. मे महिन्यात सारा यवतमाळ जिल्हा तव्यासारखा तापला तरी तिथले बेडूक स्वेटर घालून बसायचे. माझे मामा त्याच भागातले. त्यांच्या आजोबांची म्हैस त्या दलदलीत फसली, ती अजून खालीच जाऊन राह्यली आहे आणि पोळ्याच्या दिवशी जमिनीला कान लावला तर हंबरते, असं ते शपथेवर सांगतात. मी स्वतः ऐकलं आहे. दोनदा हंबरली.

अशा जागी पाला पडतो, पण पुरता कुजत नाही. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून एकेका काळाचा थर आधीच्या थरावर बसत जातो, काळा, मऊ, लोण्यासारखा. थंड मुलखात अशा पीटच्या जमिनी क्षितिजापर्यंत पसरलेल्या असतात. आमच्या वाट्याला आंगणाएवढा तुकडा. पण त्यातही जुने परागकण टिकून होते. कोणत्या थरात झाडांचे जास्त, कोणत्यात नुसत्या गवताचे, कुठे जळक्या लाकडाची भुकटी, यावरून कळतं की इथला पाऊस कधी रुसला आणि कधी परत आला. अट एकच. वरचं वर राहिलं पाहिजे, खालचं खाली. क्रम मोडला की उरतो तो चिखल.

मामांनी आणि मी तिथं पाइप ठोकून तो थर उभाच्या उभा बाहेर काढला.

"काय वं पोट्टे, एवढं शिकून चिखलच उपसाचा होता तर लहानपणीच सांगतलं असतं! म्हशीमागं धाडलं असतं तुले."

"मामा, पाइप सरळ धरा."

"पाइप सरळच हाय. धरतीच वाकडी हाय, तिले सांग."

मग त्यांनी असा हिसका दिला, की पाइपाबरोबर तेलंगणाही थोडा इकडं सरकला.

पुढच्या उन्हाळ्यात तिथं पोकलेन आलं आणि दलदलीचं तळं झालं. म्हणजे त्या जागेचं जे काही जगात उरलं होतं, ते आमच्या विभागातल्या आडव्या फ्रीजरमध्ये, तीन पाइपांत. माझी पीएचडीही त्यातच.

मी रसायनं आणायला नागपूरला गेले होते. मंगळवारी परतले, फ्रीजर उघडला, आत श्रीखंडाचे डबे. पाइप भिंतीला टेकून उभे, चकचकीत, नव्या नवरीसारखे.

"पाहा ताई, कसे साफ केले!" विभागातले शिपाईकाका ब्रश हातात घेऊन उभे होते. "केवढा मळ होता आत, बाप्पा! भल्ली मेहनत लागली. सरांनी सांगतलं, तपासणीले समिती येऊन राह्यली, फ्रीजर खाली करा."

त्यांच्यावर काय ओरडणार? मी सरांच्या खोलीत जाऊन ओरडले. बाहेर आर्णी रोडवरच्या ट्रकांनी ब्रेक मारले.

सर आमचे विभागप्रमुख, आणि माझे गाइडही तेच. म्हणाले, "अगं, एवढं काय त्यात? बागेतली माती भर. काळीच आहे."

"सर, तिच्यात परवाच शेणखत घातलंय!"

"मग तर छानच. सुपीक दिसेल." मग आवाज खाली आणून, "प्रबंधातले आकडेही जुळवता येतील गं. सही मलाच करायची आहे. तू फक्त गप्प राहा."

मी गोष्टी फुगवते, हे आमच्या आळीला ठाऊक आहे. म्हशीचं हंबरणं मी फुकट वाटते. पण ऐकणाऱ्याला कळतं की ही फेकते आहे. तो हसतो, मी हसते, कुणाचं काही जात नाही. या थरांवर भरवसा ठेवून उद्या कुणी इथल्या पावसाचा अंदाज बांधणार होतं. तिथं थाप मारायची? सही करून?

मी नाही म्हटलं. त्याच संध्याकाळी सरांनी दुसऱ्याकडून पाइप भरून घेतले.

शुक्रवारी समिती आली. पांढऱ्या चादरीवर पाइप मांडलेले, चिठ्ठ्या चिकटवलेल्या. समितीतल्या एक बाई श्रीखंडाची वाटी घेऊन वाकल्या. "हा सगळ्यात खालचा थर किती जुना?"

"सांग ना," सर मला म्हणाले.

"मंगळवारचा आहे, मॅडम. बागेतून भरलाय. खरा थर नालीत गेला, तुमच्या श्रीखंडाला जागा करायला."

सरांनी हातातली वाटी चादरीवर ठेवली. मग सर हसले. "आमची ही पोरगी फार विनोदी आहे हं!" आणि सगळे हसले. बाईंनी तर आणखी श्रीखंड मागितलं. जन्मभर थापा मारल्या, त्या लोकांनी कौतुकानं ऐकल्या. एकदा खरं बोलले तर त्याचा विनोद झाला.

माझं डोकं फिरलं. मी पाइप उचलला आणि चादरीवर उलटा केला. शेणखत पडलं, चॉकलेटचा कागद पडला, आणि एक जिवंत, धष्टपुष्ट गांडूळ वळवळत थेट सरांच्या वाटीकडे निघालं. ते अजगराएवढं होतं असं मी इतरांना सांगते. इथं खरं लिहिते: करंगळीएवढं होतं. तेवढं पुरलं. हसणं थांबलं.

सर आता माझे गाइड नाहीत. नवे मिळायचे आहेत. हातात थर नाही, प्रबंध नाही, आणि सर रोज त्याच खुर्चीत बसतात.

काल मामांचा फोन आला. "पोट्टे, रानातल्या दुसऱ्या झऱ्यापाशी आपली म्हैस फसली. पोटापर्यंत! खाली सगळं काळं हाय, लोण्यावानी. ट्रॅक्टर लावून वढू काय?"

मी ताडकन उठले. या खेपेला म्हैस खरी होती, मागून तिचं हंबरणं ऐकू येत होतं.

"काढा तिले, मामा. पण कडेकडेनं ओढा. मधला चिखल हलवू नका. मी येऊन राह्यली."

"अन् पाइप?"

"आणते. पण या वेळी ते तुमच्याच घरी राहतील."