मोहाची बी आणि वडावरची वटवाघळं

परवा संध्याकाळी सिंदी मेघेजवळच्या झाडीत गेलो होतो. वडाखाली मोहाची एक बी सापडली... आणि २००३-०४ च्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ आठवली.

तेव्हा मी वर्ध्यात नोकरीला लागलो होतो आणि मायला गावाहून सोबत आणलं होतं. गाव चार-पाच कोसांवर, पण दोन वर्षांत तिला एकदाही नेलं नव्हतं. ती विचारायची, मी म्हणायचो, सुट्टी मिळू दे... खरं तर नेली की ती परत यायची नाही, याची भीती होती.

संध्याकाळी तिला या झाडीत फिरायला आणायचो. चारही बाजूंनी कॉलन्या उठलेल्या, मधे एवढंच जंगल उरलेलं. त्या दिवशी कॉलेजची एक मुलगी तिथे वटवाघळांचा अभ्यास करत होती. आपल्या कानांना न ऐकू येणारे त्यांचे आवाज तिच्या हातातल्या यंत्रातून टकटक ऐकू यायचे. पुलाखाली राहणारी वेगळी, झाडाच्या सालीत लपणारी वेगळी, वडाला लटकणारी मोठी वेगळी... एवढ्याशा झाडीत इतके प्रकार.

मायने यंत्राला कान लावला. "बोलतेत का वं हे?"

"हो आजी. पण हे जंगल आता एकटं पडलंय... बेटासारखं."

माय तोवर वडाखाली वाकून मोहाच्या बिया वेचू लागली होती. वटवाघळांनी गर खाऊन टाकलेल्या, स्वच्छ बिया. गावच्या मारुतीच्या दिव्यात याच बियांचं तेल असायचं, आणि बायका त्या बिया तिथल्या वटवाघळांच्या झाडाखालूनच गोळा करायच्या. उष्टं देवाला कसं चालतं, असं मी लहानपणी विचारलं होतं. "पाखराचं चालते," एवढंच ती म्हणाली होती.

मुलगी बियांकडे बघतच राहिली. "आजी, इथे तर मोहाचं एकही झाड नाही."

"नाईच. हे तिकून आणतेत," मायने गावाच्या दिशेने हात केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोज जातेत अन् वापस येतेत. यांले काई सुट्टी लागत नाई, बाबू."

मुलगी हसली. मला हसता आलं नाही.

त्याच रविवारी एसटीने तिला गावी नेलं. बिया पदराच्या गाठीत होत्या. भीती खरी ठरली... माय तिथेच राहिली. मग दर शनिवारी मी जायचो, सोमवारी पहाटे परत. मला फाटकाशी बघितलं की शेजारणीला ओरडून सांगायची, "आलं वं माह्यं वाघूळ."

तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. शनिवार येतो, पण निघावं असं ठिकाण नाही...

परवा दिवेलागणीला वडावरची वटवाघळं एकेक करून उठली आणि गावाकडे गेली. दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.

सापडलेली बी घरी आणून देवापुढे ठेवली आहे. उष्टी आहे... पण पाखराचं चालतं.