कोरी कड

निपाणीच्या स्टँडमागं आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी ते लग्नांच्या व्हिडिओच्या डिस्क करून देत. डिस्क बंद केली की तिच्यात पुढं काही भरता येत नाही, म्हणून ते ती उघडीच ठेवत. "बारशाला जागा नको व्हय?" म्हणत. नव्या लॅपटॉपच्या ड्राइव्हला अशी उघडी डिस्क कोरीच वाटते. त्यामुळं आमच्या गल्लीतली लग्नं अजून त्यांच्याच जुन्या लॅपटॉपवर लागतात. डिस्क फिरू लागली की ते ड्राइव्हच्या झाकणावर तळवा ठेवून डोळे मिटतात, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. बारशाचं सगळ्यांना विचारतात. मला मात्र कधीच विचारलं नाही.

काल आमच्या लग्नाची डिस्क लावली, तर ड्राइव्ह घरघरला. "आक्का, ह्येचं आता काय खरं न्हाय. तुमची डिस्क बंद करतो, म्हंजे कुठंबी चालंल."

मी डिस्क उन्हात धरली. बाहेरची, काही न भरलेली कोरी कड जांभळी चमकत होती. "करा," म्हटलं.

"कोरी ठेवून न्हाय बंद करत मी," म्हणत त्यांनी मोबाइल माझ्यावर धरला. "हसा बघू."

आता आमच्या लग्नाच्या शेवटी, बारशाच्या जागी, पिकल्या केसांची मी हसते आहे.