पारबताबाईच्या ओळी

पारबताबाई वारली, हे मला दसऱ्यानंतर पोस्टकार्डाने कळले. ते दादाने गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावाहून टाकले होते. चार दिवस हिवताप, पाचव्या दिवशी गेली, सगळे आटोपले, येण्याची घाई नको. वर्तमानपत्राच्या कचेरीत शेजारच्याने विचारले, कोण गेले? मी म्हणालो, गावाकडची एक बाई. चांद्यात मी नऊ वर्षे आहे. मला बहीण आहे, हे तिथे कुणालाही ठाऊक नव्हते.

ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ती पाहत नसे. हातातल्या बांगड्यांचा आवाज तिला सोसत नसे. लग्नानंतर महिन्याभरात तिने त्या दगडावर ठेचल्या, आणि नवऱ्याच्या जिवावर उठली म्हणून सासरच्यांनी तिला आणून सोडले. गाव तिला अर्धवट म्हणे. तिला एकच गोष्ट हवी होती : धानाच्या रोवण्याला इतर बायांच्या रांगेत उभे राहायला मिळावे.

रोवण्याच्या बाया वाकून, मागे सरकत, हाताला येईल तशी रोपे चिखलात खोचत जातात. पारबताबाईला तसे येत नसे. तिचे प्रत्येक रोप आधीच्यापासून एक वीत अंतरावर, आणि ओळ शेताच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सरळ. त्यामुळे ती मागे पडे. शिवाय शेजारणीने लावलेली रोपे उपटून ती पुन्हा लावी. रांगेची म्होरकी कौसाबाई ओरडे, "अवो पारबता, धान लावून राह्यली का रांगोळी काढून राह्यली? हो भायेर!" बाया हसत. ती धुऱ्यावर जाऊन बसे आणि हात लुगड्यात लपवी. "माह्ये हातच वाईट आहेत," असे ती मला एकदा म्हणाली. शेवटी दादाने तिला घरच्या धानाच्या बांधीचा एक कोपरा दिला. तिथे ती एकटी लावी.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात शेतकी खात्याचे साहेब जपानी पद्धतीच्या प्रचाराला गावात आले. दोरी धरून, ओळीत, सारख्या अंतरावर धान लावायचे. वार्ताहर म्हणून मी त्यांच्या जीपमध्ये होतो. आमच्या कोपऱ्यापाशी साहेब थांबले. "हे दोरीशिवाय लावलंय? कोणी?"

सारा गाव उभा होता. दादाने माझ्याकडे पाहिले. कौसाबाई म्हणाली, "आहे एक येडी, साहेब." लोक हसले, साहेबही हसले... पारबताबाई बाभळीमागे उभी होती. ही माझी बहीण, एवढेच मला म्हणायचे होते. मी वहीत दोरीची लांबी लिहून घेतली. बातमीत छापून आले : काही ओळी विशेष सरळ आढळल्या.

निघताना तिने मला गाठले. "बापू, साहेब रागावले काऊन? मी आता नाई लावत तसं."

"नाई रागावले वो बाई," मी म्हणालो. जीप सुरू झाली होती. पुढचे सांगायचे राहिले.

यंदा गावभर दोऱ्या ताणल्या गेल्या. कौसाबाईची रांगही दोरीने लावू लागली. पारबताबाईने मात्र आपल्या कोपऱ्यात वाकडे लावले. दादा सांगतो, तिला ते जमत नव्हते. रोप खोचायची, ते ओळीत बसलेले दिसले की उपटून मुद्दाम बाजूला लावायची. तेवढ्याशा कोपऱ्याला सहा दिवस लागले. मग ती कौसाबाईकडे गेली. "आता तुमच्यासारखं लावलं जी. घेता का मले रांगेत?"

कौसाबाईने कोपऱ्याकडे पाहिले. "घ्या! सरकार सरळ लाव म्हनते, तं हे आता वाकडं लावते!"

त्यानंतर ती कुणाकडे गेली नाही.

मी गेल्या आठवड्यात गावी जाऊन आलो. धान पिकले आहे. सगळी बांधी ओळीत उभी आहे, आणि मधेच तो कोपरा विस्कटलेला. परक्या माणसाला वाटेल, कुणीतरी घाईघाईत, लक्ष न देता लावला असावा... मी दादाला म्हणालो, एवढा राहू दे.

"झडून जाईन ते, बापू," तो म्हणाला. "सोमवारी कापून टाकतो."